संबोधन

कुडतरीत आमची शाळा
पेजेचं पातेलं उतरलं की भरते.
मृण्मयी म्हणते: एक्वुस, एक्वी, एक्वो,
बुटाची टाच खुर्चीच्या पायावर.
मी तिच्यापुढे एक पान असते,
रात्री जागून.
"हा आपला अश्वच गं," मी सांगते,
"परगावी वाढलेला."

रविवारी तिसऱ्या अडथळ्यावर ती पडली.
घोडा उरलेल्या दोन उड्या एकट्यानेच मारून
तळ्याच्या बांधाकडे सुटला.
पंचांनी फलकावर रेघ ओढली.
मी कुंपण घट्ट धरलेलं.

ढोपरावरची तांबडी माती न झाडता
तिनं हाक मारली, नावानं नाही:
एक्वे!
कान आधी वळले, मग घोडा.

रात्री पुस्तक उघडलं.
विभक्ती बरोबर होती.
त्या पानापर्यंत
मी अजून पोचलेच नव्हते.