शेरा

फाइल तशी देखणी.
स्थापनेचा दाखला, घटनापत्रक, नियमावली,
दोन संचालक, दोघांचे फोटो एकाच निळ्या पडद्यासमोर,
ठरावाखाली शिक्का असा ठसठशीत
की अजून कुणी दुसऱ्यांदा मारलाच नसावा.
ओजस्विनी ॲग्रो ओव्हरसीज प्रायव्हेट लिमिटेड.
नोंदणीकृत कार्यालय: गल्ली सहा, परदेशीपुरा, इंदूर.
अपेक्षित उलाढाल, वर्षाला अकरा कोटी.
सोबत जोडलेलं विजेचं बिल
दोनशे चौदा रुपये.

कागद मोठ्यानं बोलतो ते सोडायचं,
खालच्या ओळीत पुटपुटतो ते ऐकायचं,
एवढं एक या धंद्यात शिकलो.

ब्रँचमधून निखार्गेचा फोन:
"टेंबे, आजच्या आज अपलोड कर. मार्च आहे. मोठी पार्टी आहे."
(माझ्याच आधारवर मी टेम्भे आहे, पॅनवर टेंबे.
दोघांतला जो खरा असेल तो हा फॉर्म भरतो,
एका भेटीचे एकशे दहा रुपये. पेट्रोल त्याचं.)

गिरणीचा भोंगा बंद होऊन जमाना झाला,
पण पत्ता विचारला की इथली माणसं
अजून त्याच दिशेला हात करतात.
सापडलं. दारावर कोरा करकरीत फ्लेक्स,
चारी कोपरे सुतळीनं आवळलेले.
बोर्ड आहे का? होय.
नाव जुळतं का? जुळतं.
फोटो काढला. अक्षांश-रेखांश आपोआप उमटले.
उपग्रहाची काही तक्रार नव्हती.

तेवढ्यात पाण्याचा टँकर गेला,
एक सुतळी तुटली,
आणि अकरा कोटी हातभर उचलले गेले.
खाली पत्र्यावर, ब्रशनं रंगवलेलं:
कलावती सिलाई केंद्र. फॉल, पिको, ब्लाउज एका दिवसात.

आत सात मशिनी. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरींचा ढीग.
"बसा ना भिया," कलावती बौरासी म्हणाली,
आणि दिराला हाक मारली.
हुकुम बौरासी, छावणीच्या मंडीत लोडिंग रिक्षा चालवतो.
फोटोत टाय आहे. समोर गमछा होता.
लोन मिळेल म्हणून सह्या केल्या, म्हणाला, सतरा ठिकाणी.
तुम्ही डायरेक्टर आहात, मी सांगितलं.
"पिक्चरचा?"
सातही मशिनी थांबल्या, पोरी हसल्या.
तोही हसला. मग एकटाच गप्प झाला.

बोर्ड लावू दिल्याचे महिन्याला सातशे मिळतात.
त्यातून सातव्या मशिनीचा हप्ता जातो.
"तुम्ही काही लिहिलं तर
बोर्ड काढतील का ते लोक?"
मी म्हणालो, मी फक्त बघायला आलोय.
असं म्हणायची सवय आहे मला.

फॉर्मच्या तळाशी चौकट: शेरा, शंभर अक्षरांत.
कंपनी नाही, असं लिहावं तर दाखल्यावर कंपनी आहे.
संचालक नाही म्हणावं तर त्यानं आत्ताच मला चहा दिला.
पत्ता खरा, माणूस खरा, सही त्याच्याच हातची.
सगळे खरे तुकडे घेऊन
कुणीतरी कुठेतरी बसून
हे एवढं मोठं खोटं शिवलं आहे,
आणि शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला
त्याची शिवण दिसलेली नाही.

माझ्या बॅगेचा पट्टा उसवला होता.
मी टाइप करत होतो तेवढ्यात तिनं ओढून घेतला,
मशिनीवरून फिरवला, दात लावून दोरा तोडला.
पैसे काढले तर हात मागे घेतला.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

लिहिलं: बोर्डाखाली दुसरा बोर्ड. संचालकाला आपण संचालक असल्याचं ठाऊक नाही.
न मागितलेला दुसरा फोटो जोडला,
सुतळी तुटलेल्या कोपऱ्याचा.
पाठवलं.

बाहेर हुकुम स्टुलावर चढून
तोच कोपरा पुन्हा बांधत होता.
"उडून जाईल भिया," म्हणाला.
निखार्गेचे तीन फोन येऊन गेले होते.
बॅग खांद्याला लावली.
टाका दुहेरी होता, ओढून पाहिला.