जी

आमच्याकडे वाक्याला एक शेपूट असतं.
जी.
हो जी. नाही जी. कुठं निघाले जी.
पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.
शाळेत सरांनी लाल शाईनं ते खोडलं,
शुद्धलेखनात त्याला जागा नाही म्हणाले.

कवडू मेंढे पीठगिरणी चालवायचा,
तलावाच्या पाळीखाली, बांध्या सुरू होतात तिथं.
पट्टा फिरायला लागला की
कानात दुसरं काही शिरायचं नाही.
तरी तो बोलायचाच.
पापण्यांवर पीठ, मिशीवर पीठ,
आणि ओठ त्या एका अक्षराएवढे ताणलेले:
बसा जी.
ऐकू कोणालाच जायचं नाही.
दिसायचं.

शेळी पिठात तोंड घालायची,
तिलाही, सरका जी.
आम्ही पोट्टे दाराशी पोट धरून हसायचो.

एकदा पोलीस पाटलाचा गडी
रांग ओलांडून थेट चाड्यापाशी गेला.
कवडूनं त्याच्या हातातला डबा अलगद घेतला,
शेवटी नेऊन ठेवला,
पोतं झटकून अंथरलं.
बसा जी.
तो बसला. करतो काय?
भांडायला धरावा
असा कोपराच नव्हता त्या शब्दाला.

त्याच्या पुढं सायत्राबाई रामटेकेचा डबा होता.
कवडूच्या बापाच्या वेळी तिच्या सासूनं
डबा उंबऱ्याबाहेर ठेवायचा,
सगळ्यांचं झालं की मग दळण,
आणि पीठ वरून, हात न लागता.
याबद्दल कवडू कधी काही बोलला नाही.
उठायचा, उंबऱ्यापर्यंत यायचा,
दोन्ही हातांनी डबा घ्यायचा.
द्या जी.
सायत्राबाई मात्र कितीतरी वर्षं
‘जी’ परत करत नसे.
तिनं ते राखून ठेवलं होतं.
बरोबरच केलं.

मी दहा वर्षांचा. माय तापानं पडलेली.
तांदूळ घेऊन एकटाच निघालो
आणि वाटेत सांडला सगळा,
तो खड्यांसकट भरून आणलेला.
कवडूनं चाळणी काढली.
काही विचारलं नाही.
बसा जी, येळ लागल.
मी मागं वळून पाहिलं.
मागं कोणी नव्हतं.

आता मी तहसिलात, खिडकी क्रमांक चार,
उत्पन्नाचे दाखले.
दुधी काच, तिला खाली अर्धचंद्र कापलेला,
पंजाएवढा.
बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागतं.
बारा वर्षं मी वाकलेली माणसं पाहिली
आणि वाटायचं,
ही अशीच असतात.

उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याला म्हणालो,
अबे, फोटो कुठाय? उद्या ये.
तो म्हणाला, हो जी.
रागानं नाही, लाचारीनंही नाही.
माझंच वाटेत सांडलेलं काही
उचलून, चाळून
हातात द्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.
आठवडाभर नाही.
अर्जावरचा पत्ता वाचला तेव्हा कळलं,
तिथून यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात,
आणि दुसरी रोज येतेच असं नाही.
तो अर्ज अजून खणात आहे. वरच ठेवलाय.

खिडकी सरकारची, मोठी करता येत नाही.
घरचं स्टूल आणून बाहेर ठेवलं,
बसलं की तोंड बरोबर अर्धचंद्रासमोर येईल
अशा उंचीचं.
पहिलं कोणीतरी पळवलं.
हे दुसरं, साखळीनं बांधलेलं.

वर पंखा खडखडतो,
बाहेर झेरॉक्सवाल्याचं जनरेटर.
माझा आवाज पोचतो की नाही कोणास ठाऊक.
बसा जी, म्हणतो मी.
दिसत असेल.