दीड माणूस

पणजीच्या पुराभिलेखात पंखा हळू ठेवतात,
पानं उडू नयेत म्हणून.
मिनेझिसबाब वाचतात, मी उतरवते:
किरणपाणीची तर. सन चौतीस. दिवस पुसलेला.

तांदूळ, चार खंडी. मीठ.
आरोंद्याहून एक म्हैस, पोहत आली; शुल्क नाही.
मानशीचं दार फुटलं, खाजनात खारं पाणी,
गावकरीनं कळवलं, उत्तर नाही.
म्हाळू तारी याला दंड: रात्री होडी सोडली.

कुणासाठी, ते नाही.
नुसता रकाना:
जाताना दीड. येताना अर्धा.

"मुलांचं अर्धं तिकीट," मिनेझिसबाब चष्मा पुसतात,
"कारकून चुकला असेल. होतं कधी."
पण अक्षर कुठं थरथरलेलं नाही,
अर्ध्याखालची रेघसुद्धा सरळ.
कसरीनं समास खाल्लाय, आकडा नाही.

माझे बाबा होडीत कायम उलटे बसत,
सुटलेल्या काठाकडे तोंड करून.
आम्ही हसायचो.
विचारलं तर म्हणत, वारा लागतो डोळ्यांना.
पूल झाला त्या दिवशी
सगळा गाव आरोंद्यापर्यंत चालत जाऊन आला;
ते पडवीत जाळं विणत बसले,
जे त्यांनी कधीच पाण्यात टाकलं नाही.

पाच वाजत आलेत. शिपाई खिडक्या लावतो.
एका पानाच्या प्रतीचे पैसे मी सुटे मोजून देते.
अर्जावर एक ओळ उरते: शोधाचं कारण.
मी लिहिते, तर
आणि पुढं काय लिहायचं
ते सुचत नाही.