पावती क्रमांक एकशे बेचाळीस

आचारसंहिता लागली की माझं टेबल
मुद्देमाल खोलीच्या दारात येतं.
पंखा तिथवर पोचत नाही.
खडक ठाण्याच्या हद्दीतले परवानाधारक
चादरीत, गोणपाटात, एक जण तर योगासनाच्या चटईत
गुंडाळून आणतो हत्यार,
आणि मी लिहीत जाते: नग, क्रमांक, काडतुसं, शेरा.

एकशे बेचाळीसला ज्ञानोबा खोपडे, घोरपडे पेठ.
फौजेतून निवृत्त. बारा बोअर, दुनळी. काडतुसं नऊ.
लक्ष्मी रोडला सराफाच्या दारात उभे असतात,
खांद्याला ही, म्हणून पगार अठरा हजार.
"हिच्याशिवाय अकरा," म्हणाले.
"म्हणजे अकरा माझे, सात हिचे."

सूट मिळावी असा अर्ज केला होता त्यांनी.
छाननी समिती बसली होती म्हणे.
उठली का, ते कुणी सांगेना.

त्यांच्या मागे जमिनींचे व्यवहार बघणारा एक,
पिस्तूल जमा करायला नव्हे,
पत्र दाखवायला आलेला:
जीविताला धोका, सूट मंजूर.
खोपडेंनी पत्र पाहिलं, मग त्याच्या गळ्यातली साखळी.
"आमच्याच दुकानातली," एवढंच बोलले.

मग खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली,
पिशवीतून कागद, घडीवर चिरलेला.
आणीबाणीतली पावती.
वेल्ह्याकडच्या गावातून बापाची ठासणीची नेली होती,
रानडुकरं हाकायची ती,
चार दिवसांत परत देतो म्हणून.
कुठलं ठाणं, कुणाची सही,
शाई पसरून सगळ्याचं एक निळं डबकं झालेलं.
"तेवढं अक्षर नीट काढा, बाई."

शाळेतल्या कित्त्यासारखी काढली मी वेलांटी न् वेलांटी.
खाली नुसता फराटा नाही मारला,
पुरतं नाव लिहिलं: हेमलता शिवाजी चोरघे, हवालदार.
ते वाचून हसले थोडे.
आडनावावर सगळेच हसतात.

हक्क हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही.
परवान्यावर तो छापलेलाच नसतो.
माझ्या कमरेचंसुद्धा मी सही करून घेते,
सही करून परत ठेवते.
आणि खरं सांगायचं तर जमा व्हावीत, असंच मला वाटतं.
वरातीत हवेत झाडलेली गोळी
तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या पोरीला
कुठे लागली, तो पंचनामा माझ्या अक्षरात आहे.
व्हावीत जमा. सगळी.
पत्रवाल्याचं आधी.

रात्रपाळीला खोलीचं कुलूप तपासायला गेले
तर आत शिलाई मशीनचा वास, तेलाचा.
भिंतीकडे तोंड करून उभ्या सगळ्या,
गळ्यात चिठ्ठ्या. शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.
एकशे बेचाळीसचा दस्ता हाताला गुळगुळीत लागला,
लाटण्यासारखा.

निकाल लागला. रस्त्यावरचा गुलाल झाडून झाला,
तरी आठवडाभर त्यांचा पत्ता नाही.
आले ते फडकं आणि तेलाची बाटली घेऊन.
बाकावर बसून बंदूक मोडली,
दोन्ही नळ्यांतून आमच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं,
पुसलं, पुन्हा पाहिलं.
मग पावती पुढे केली, दोन्ही हातांनी.
"आमच्या घरात परत गेलेली ही पहिलीच."
मी ती रजिस्टरला टाचली.
बापाची मात्र पिशवीत नीट ठेवली त्यांनी.

"ड्यूटीवर कधीपासून?" मी विचारलं.
"तिथं आता पोरगं ठेवलंय एक,
ते मशीन फिरवतं अंगावरून, टूं टूं.
त्याला परवाना लागत नाही."

दारात थांबून म्हणाले,
"महापालिकेची कधी लागते?"
मी पावतीपुस्तक चाळलं.
कोरी पानं पुष्कळ होती.