चार मिनिटं

ॲमस्टरडॅमला, सातव्या मजल्यावर,
काचेच्या पेटीत बसून मी तिचं पोर्तुगीज
इंग्रजीत ओतत होते.
देओलिंदा. पोव्होआच्या किनाऱ्यावर जाळी विणणारी.
बाप याच आजारानं गेला, मग थोरला भाऊ.
तिकडे त्याला पावलांचं दुखणं म्हणतात,
तिथून वर चढतं म्हणून.

टेबलावर पाटी : नाव, आणि खाली 'रुग्ण-तज्ज्ञ'.
सकाळी फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात
तिनं काढल्या होत्या तीन उभ्या रेघा, एक तिरकी :
घराण्याची खूण, होडीवर कोरतात ती.
कारकुनानं मला विचारलं, याचं भाषांतर?
म्हटलं, राहू दे.

औषध चांगलं होतं. आलेख तसं सांगत होता.
सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो ते मोजलं होतं
अकरा देशांतल्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये.
ती म्हणाली, चालते की मी. पायांकडे बघत चालते.
अंधारात चालायला सांगा.
विचारा, चप्पल निसटली ते किती पावलांनी कळलं.
विचारा, आंघोळीच्या पाण्यात आधी कोण हात घालतं.
माझी नात घालते. सहा वर्षांची आहे.
तिची तपासणी अजून केलेली नाही.

अध्यक्ष डॉक्टर ओस्टरव्हेल्ड, सज्जन माणूस.
विचारलं, तुमच्या मते किती मीटरची सुधारणा अर्थपूर्ण?
'अर्थपूर्ण' मी जपून नेला तिच्यापर्यंत.
तिनं तो बाजूला ठेवला
आणि समोरचं नमुन्याचं पाकीट उचललं.
गोळी मागून दाबून काढायची, अंगठ्यानं.

तिचे अंगठे.
एके काळी डोळे मिटून गाठ मारणारे.
पाकीट सटकलं. उचललं. पुन्हा सटकलं.
दातांकडे नेलं, मग थांबली,
लोक बघतायत म्हणून असेल.
कंपनीचा माणूस मदतीला उठू लागला.
तिनं हात वर केला : बसा.
माझा माइक चालूच.
एकवीस हेडफोनांत माझा श्वास
आणि चंदेरी कागदाची कुरकुर.
चार मिनिटं.

निघाली तेव्हा गोळीचे दोन तुकडे झाले होते,
एक टेबलाखाली गेला.
"दिवसातून दोनदा असं लिहिलंय ना तुम्ही?"
तेवढंच भाषांतर केलं मी.

इतिवृत्तात आलं :
रुग्ण-तज्ज्ञांनी वेष्टनाबाबत निरीक्षण नोंदवले.
निर्णय पुढच्या बैठकीत.

बाहेर पडताना तिनं माझा दंड धरला.
फरशी ओली होती. ती खाली बघत चालली, मीही.
"तुम्हाला काय झालंय," म्हणाली,
"तुम्ही कशाला बघताय खाली?"