खिडकी क्रमांक सात

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या ऑफिसात,
डिलिव्हरी चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी एक शहर लिहायला घेतलं.
कोल्हापूरच, फक्त साठ वर्षं पुढचं.
रंकाळा आहे. गंगावेशीत धारोष्ण दूध आहे.
फक्त नाती पाच वर्षांनी संपतात.

संपतात म्हणजे मुदत संपते.
महापालिकेत खिडकी क्रमांक सात,
फॉर्म गुलाबी, सह्या दोघांच्याही.
बापानं केली आणि मुलीनं नाही केली
तर दुसऱ्या दिवसापासून तो
गल्लीतला एक गृहस्थ.
जेवायला बोलवा, नका बोलवू.

लेथवरच्या दस्तगीरला सांगितलं, चहाच्या वेळी.
त्यानं बशीत फुंकर मारली.
'आणि मेलेल्यांचं काय?
आई जाऊन अकरा वर्षं झाली माझी.
तिची सही कोण आणणार?'
मी लिहून ठेवलं: मेलेले, विचार करणे.
अजून केलेला नाही.

घरी आण्णांना सांगितलं, उगाच, जेवताना.
'रांग लै मोठी असंल की,' ते म्हणाले,
'आणि बाहेर एजंट असणारच.'
खरंच, एजंट मला सुचलाच नव्हता.
रात्री समासात एक घातला:
गुंडोपंत, केसांना कलप,
तीनशेत रुसलेल्या पोराची सही आणून देतो,
पाचशेत खरी.
वाचून दाखवलं तर आण्णा हसले, ठसका लागेपर्यंत.

मग नायिका हवी होती.
मृदुला लिहिलं, खोडलं. कल्याणी, खोडलं.
पेननं आपणहून वैजू लिहिलं.

वैजू माझी थोरली.
इचलकरंजीत असते, नवऱ्याबरोबर, चार माग आहेत त्यांचे.
एसटीनं तासभर.
नऊ वर्षं.
पुराच्या साली आमची कागदं भिजली,
आण्णांनी नवं रेशनकार्ड करून आणलं,
त्यावर तीनच नावं होती.
कुठल्या खिडकीवर गेले होते कोण जाणे.
माझी सही कुणी मागितली नव्हती
असं मी सगळ्यांना सांगत आलेय.
मागितली असती तर
केली नसती, असं मात्र
कधी सांगितलेलं नाही.

तीन दिवस चलनं कोरीच राहिली.
कास्टिंगचा एक लॉट चुकून सांगलीला गेला,
मालक ओरडले.

चौथ्या दिवशी नियमच उलटा केला.
आता नाती आपोआप चालू राहतात, नळासारखी, कमी दाबानं.
तोडायची तर खिडकीवर यायचं,
दोघांनी, एकाच दिवशी,
आणि कारण लिहायचं.
कारणासाठी मी फॉर्मवर एकच ओळ ठेवली आहे.
दस्तगीर म्हणाला, 'एका ओळीत बसंल व्हय?'

प्रकरण तिसरं.
टोकन एकशे बारा. बाकावर म्हातारा,
शेजारी एक जागा सोडून वैजू,
केसांत सुताचा बारीक कापूस.
पंखा बंद. पेन दोरीला बांधलेलं,
दोरी दोघांच्या मधोमध.
एकला खिडकी बंद होते, जेवणाची सुट्टी.
म्हातारा भिंतीवरचा नकाशा वाचत बसतो.
वैजू पिशवीतून डबा काढते.
झाकणाला हात घालते.

इथं थांबलेय.
रविवारी पहिल्या एसटीनं इचलकरंजीला जायचं ठरवलंय.
आण्णांना म्हटलं, कादंबरीच्या कामाला.
त्यांनी सुट्टे पैसे काढून दिले.
बाकी काही नाही,
वैजूला एवढंच विचारायचं आहे,
डब्यात काय असेल.