सहा मिलिमीटर

हालिना वासिलिकच्या तळघरात
मी पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसलोय.
उत्तरेच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून
थेट फरशीपर्यंत उतरलेली भेग.
वर चार. मधे पाच. खाली साडेपाच.

हमीपत्रात सहा लिहिलंय.

ती जिन्यात उभी. तीस वर्षं स्कूलबस चालवली,
अजूनही बघते ती
मागच्या सीटवर कुणी राहिलंय का, तसं.
छातीशी फाईल: हप्त्यांच्या पावत्या,
आणि ब्रॉन्डवॉल्ड होम्सच्या कॅलेंडरचं एक पान,
त्यावर गॉर्डन ब्रॉन्डवॉल्ड हसतोय, हातात नवंकोरं फावडं.
मार्चमध्ये कोर्टात
त्यानं तेच हात वर केले.

"बिल्डर बुडाला तरी हमी बुडत नाही,
तुमच्याच माणसानं सांगितलं होतं."
नाही बुडत, मी म्हणतो.
पण तिला पोहता येतं ते फक्त मिलिमीटरमध्ये,
हे म्हणत नाही.

हेही म्हणत नाही
की ही भिंत माझ्या ओळखीची आहे.
नोव्हेंबर संपत आलेला, लेथब्रिजचा वारा,
उणे अकरा, आणि दारात घुरघुरणारा काँक्रीटचा ट्रक.
मी म्हणालो होतो, दोन दिवस थांबू, हीटर आणू.
गॉर्डन म्हणाला, तारीख दिलीय लोकांना.
मग मीच ओतलं.
साचे काढले तेही मीच,
आणि कडेला पांढुरकं, भुसभुशीत दिसलं
त्यावरून थापी फिरवली.
सहा आठवड्यांचा माझा पगार
अजून देणेकऱ्यांच्या यादीत आहे,
पान नऊ, टाइल्सवाल्याच्या खाली.
पोटासाठी आता भेगा मोजतो.

"मग पुढे काय?"
हिवाळा, मी सांगतो. जमीन गोठेल, फुगेल,
भिंतीला रेटेल. एप्रिलमध्ये परत मोजू.
"म्हणजे माझं घर अजून अर्धा मिलिमीटर फाटावं
म्हणून मी मेणबत्ती लावायची?"
आणि ती हसते, इतकी, की तिला कठडा धरावा लागतो.
मला हसता येत नाही.

ती वर गेल्यावर
मी फॉर्म उलटतो. शेवटी एक रकाना आहे, शेरा.
आजवर कोराच सोडत आलो.
तारीख लिहितो. तापमान लिहितो.
थापी कुणाची, ते लिहिताना
गारठ्यानं पेनातली शाई अडते, मी ते तळहातावर चोळतो,
पुन्हा गिरवतो, स्पेलिंगसकट, माझं पूर्ण नाव.

वरून ती विचारते,
कॉफीत दूध घालू का?